कोयनेच्या पाण्यात बंद पडलेलं इंजिन

देवावर माझा विश्वास नव्हता असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. मला त्याची गरज पडत नव्हती, इतकंच. कुपवाडला माझं डिझेल इंजिनं दुरुस्त करण्याचं छोटं वर्कशॉप होतं. नुसता आवाज ऐकून दोष सांगतो अशी माझी ख्याती होती आणि ती मला फार आवडायची. बायको सकाळी देवापुढे उभी असायची तेव्हा मी स्कूटरला किक मारत असायचो.

ही गोष्ट पंच्याण्णव सालच्या आसपासची. बायकोचं माहेर कोयना धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यापलीकडे. दसरा झाल्यावर देवीची ओटी भरायला आम्ही तिकडे गेलो होतो. तिथे आमच्या चार वर्षांच्या मुलीला ताप भरला. दोन दिवस काढे झाले, कपाळावर पट्ट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ती हाक मारली तरी डोळे उघडेना. दवाखाना साताऱ्याला, आणि तिकडे जायचं तर आधी लाँचने बामणोलीला यायचं, मग जीप. दुसरा रस्ता नव्हता.

लाँच जुनी होती, इंजिन त्याहून जुनं. चालवणारे सदूभाऊ शांत स्वभावाचे, साठीचे गृहस्थ. खंडेनवमीला त्यांनी इंजिनाची पूजा केली होती. वर टांगलेल्या डिझेलच्या टाकीचं झाकण शेंदराने माखलेलं होतं आणि त्यावर वाळलेली झेंडूची माळ होती. आम्ही आठ-दहा उतारू असू.

पंधरा-वीस मिनिटं लाँच सुरेख चालली. मग इंजिनाचा जोर कमी कमी होत गेला आणि ते पाण्याच्या मधोमध बंद पडलं. मी बाह्या सरसावल्या. डिझेल येत नाही हे कळायला मला वेळ लागला नाही. फिल्टर काढला, धुतला, नळीतली हवा काढली. हँडल मारताच इंजिन सुरू झालं. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि मुलगी तशा अवस्थेत असूनही मला ते बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

थोडं अंतर गेलो आणि इंजिन पुन्हा तसंच मरगळून थांबलं. पुन्हा हवा काढली. डिझेल थेंब थेंब येऊन थांबलं. तेव्हा माझ्याशेजारी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “आवं, टाकीचं टोपण ढिलं करून बगा की.” त्या मुळात सकाळच्या लाँचने जाणार होत्या, म्हैस चुकली, ती शोधण्यात लाँच गेली, म्हणून आमच्यात होत्या.

मी मान वर न करता म्हणालो, “आजी, जरा गप बसा. हे माझं काम आहे.”



त्यानंतर मी जे जे येत होतं ते सगळं केलं. नळीचे जोड तपासले, फिल्टर पुन्हा उघडला. शेवटी पंप गेला असावा असं ठरवलं, आणि तसं असेल तर पाण्यात काहीच करता येणार नव्हतं. वारा लाँचला हळूहळू उलट्या दिशेला नेत होता. बायकोच्या मांडीवर मुलीचा श्वास भरभर चालला होता. मी पाना खाली ठेवला. प्रार्थना मला येत नव्हती. ‘माझं संपलं, आता तू बघ,’ एवढंच मनात आलं. कुणाला म्हणालो, तेही ठाऊक नाही. पण आतली धडपड थांबली.

मग मी आजींकडे वळलो. “आजी, मघाशी काय म्हणत होता?”

“आमच्या हिरीवरलं इंजान आसंच करायचं. टोपणाचं भोक बुजलं की बंद पडायचं. मालक टोपण ढिलं करायचे, की चालू.”

सदूभाऊ चाचरत म्हणाले, “देवाचं हाय त्ये. शेंदूर लावलाय म्या.”

“मग देव काय न्हाई म्हनतोय व्हय?” आजी म्हणाल्या.

सदूभाऊंनी हात जोडले आणि स्वतःच झाकण फिरवलं. सूं करून हवा आत गेली. झाकणाचं बारीक भोक शेंदराने बुजलं होतं. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून डिझेल उतरत नव्हतं. इंजिन थोडा वेळ थांबलं की कुठूनतरी जराशी हवा आत जायची, आणि मला वाटायचं मी दुरुस्त केलं. बायकोने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. मी भोक मोकळं केलं. बामणोलीपर्यंत इंजिन एकदाही थांबलं नाही.

साताऱ्याला डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. आठ दिवसांनी मुलगी घरी आली.

याला चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही. बुजलेलं भोक कुणालाही सापडलं असतं. पण आजी पहिल्यांदा बोलल्या तेव्हाही शब्द तेच होते. मी हात टेकले, तेव्हाच ते मला ऐकू आले. ते हात कुणी टेकायला लावले, याचा विचार मी आता करत नाही. रोज सकाळी बायकोशेजारी घटकाभर उभा राहतो.

पुढल्या वर्षी आम्ही लुगडं घेऊन आजींच्या घरी गेलो. मी पाया पडलो, लाँचची आठवण करून दिली. त्यांना इंजिनाचं काही आठवेना. त्यांनी मुलीला जवळ ओढलं, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“बरी हाय न्हवं? मग बास की.”