निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी

आमच्या घरात शब्द रेशनवर मिळायचे. हे टेलिफोन खात्यात जॉइंटर होते, म्हणजे जमिनीखालच्या केबलचे तुकडे एकमेकांना जोडणारे. सकाळी निघताना ‘येतो’, दुपारी डबा घेताना ‘ठेव’, संध्याकाळी ‘वाढ’. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी माझ्या वाट्याला एवढंच होतं. अनसिंगला माहेरी गेले की आई विचारायची, जावई कसे हाय? मी सांगायचे, चांगले हाय, काई तरास नाही. ते खोटं नव्हतं. भिंतीचाही कुणाला त्रास नसतो.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वाशीमला स्टेशनकडच्या रस्त्याने नवी जाड केबल टाकायचं काम निघालं होतं. हे दिवसभर खड्ड्यात, वर उन्हासाठी ताडपत्री. एका दुपारी मी डबा घेऊन खड्ड्याशी पोचले, तर आतून बोलण्याचा आवाज येत होता. आवाज ह्यांचा, पण मी कधी न ऐकलेला.

“निळी-पांढरी,” हे टेलिफोनवर सांगत होते. मग थोडं थांबून, “हां, बराबर. आता नारिंगी-पांढरी. सावकाश पाहा, घाई नाही.”

सावकाश पाहा, घाई नाही! तव्यावर माझी बोटं भाजली तेव्हा ह्या माणसाने मान वर केली नव्हती. मी डबा काठावर आपटला. “कोन हाय तिकडे?” मी विचारलं.

“एक्स्चेंजमधली बाई,” हे म्हणाले. “ठेव.”

ती नुकतीच नोकरीला लागली होती. केबलचं एक टोक तिच्यासमोर, दुसरं ह्यांच्या हातात. आत बारीक तारांच्या जोड्या, प्रत्येक तारेवर रंगीत वेष्टण. ह्यांनी रंग सांगायचा, तिने तिकडे ती जोडी धरून ‘हो’ म्हणायचं, की इकडे जोड पक्का. असे दोघं दिवसभर रंगच बोलायचे. मी तिला बाजारात लांबून एकदा पाहिलं. मनगटावर घड्याळ, खांद्याला पर्स, चाल ताठ. दिसायला काही विशेष नव्हती, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

ह्यांच्या खिशातून तारांचे तुकडे घरी यायचे. शेजारच्या बाया त्यांच्या परड्या विणायच्या. मी विणल्या नाहीत. मी ते तुकडे चुलीपुढे ओळीने मांडून रंगांचा क्रम पाठ केला. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी. राखाडीला एक्स्चेंजच्या भाषेत ‘सलेटी’ म्हणत, तेही शिकले. एका संध्याकाळी वाढता वाढता सगळं धडाधड म्हणून दाखवलं. हे भाकर मोडत म्हणाले, “तुले काय करायचं हाय त्याचं?”

मग एक दिवस नवी केबल चालू झाली आणि वाशीमभर गोंधळ उडाला. किराणा दुकानाचा फोन वकिलाकडे वाजायचा, वकिलाचा डॉक्टरकडे, आणि डॉक्टरीणबाईंना कुणीतरी तुरीचा भाव विचारायचं. त्या संध्याकाळी हे जेवायला बसले आणि आपण होऊन बोलू लागले. मी पळी हातात धरून उभीच राहिले.

तारांच्या जोड्या जुड्यांमधे बांधलेल्या असतात, हे म्हणाले, आणि जुड्या गोल रचलेल्या. पहिल्या जुडीला लाल धागा, शेवटच्या जुडीला हिरवा, मधल्या सगळ्यांना पांढरा. एका टोकाकडून पाहिलं तर मोजणी घड्याळाच्या काट्यांसारखी जाते, दुसऱ्या टोकाकडून उलटी. आधीच्या खड्ड्यात ह्यांनी सुलटी मोजली होती, तीच सवय हाताला. इथे उलटी मोजायची, ते राहून गेलं. रंग मात्र प्रत्येक जुडीत तेच असतात. हे म्हणाले निळी-पांढरी, ती म्हणाली हो. दोघंही खरं बोलत होते, फक्त जुडी वेगळी. जोडीगणिक तारेवर आवाज सोडून पाहायचा नियम होता, तो दोघांनी पाळला नाही.

“सायेबानं विचारलं,” हे म्हणाले, “तं थे बाई म्हणे, ‘चुकी माही हाय, म्या पाह्यलंच नाही.’ माह्यावर येऊच नाही देल्लं तिनं.”

वर्षभरातलं ह्यांचं सर्वांत लांब बोलणं, आणि ते तिच्याबद्दल. शिवाय एकमेकांवर एवढा भरवसा की तपासायचीही गरज वाटू नये. माझ्या जिवाची लाही लाही झाली. माझ्या भाजीतलं मीठ हे रोज चाखून बघायचे, तिचं ‘हो’ मात्र न तपासता चालत होतं.

जोड सगळे पुन्हा उकलायला लागले. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर ह्यांचे दोन्ही हात जुड्यांत अडकलेले. “इकडे ये,” हे म्हणाले. “रिसीवर धर. मी म्हणतो थो रंग तिले सांग, आन् थे काय म्हणते ते मले.”

मी पदर खोचून खड्ड्यात उतरले. आता ह्यांचा शब्द माझ्या तोंडून जाणार होता. मी ठसक्यात म्हटलं, “लाल धाग्याची जुडी. निळी-पांढरी.”

 तिकडून बारीक आवाज आला, “वहिनी काय? हो, निळी-पांढरी. आवाज सोडते, पाहा म्हणावं.”

बराच वेळ असं चाललं. मधे हे हत्यार काढायला खड्ड्याच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळले, तेव्हा ती हळूच म्हणाली, “एक विचारू वहिनी? ते घरी तरी बोलतात काय? इकडे तं रंगाबिगर एक शबद नाही. त्या दिवशी म्या एवढं सायेबाचं आयकून घेतलं, तं दुसऱ्या दिवशी फोनवर पहिला शबद काय, तं निळी-पांढरी.” थांबून म्हणाली, “सारं बोलनं घरासाठी राखून ठेवत असतीन. तुमचं बरं हाय.”

तिच्या आवाजातली ती शब्दांची भूक मी लगेच ओळखली. माझ्याच घरची होती. एक शब्द खरा सांगितला असता तर दोघी मोकळ्या झालो असतो.

“हो ना,” मी म्हटलं. “घरी तं तोंडाले दमच नाही. बोलता बोलता माही भाकर करपते.”

ती ‘बरं’ म्हणाली, आणि पुढच्या जोडीचा रंग विचारला.

काम उरकल्यावर हे काठावर जेवायला बसले. पहिला घास हातातच होता.

“तिले खोटं काहून सांगतलं तू?”

“मंग खरं कायले सांगू?” मी म्हटलं. “तिले वाटू द्या, माह्याजवळ काई तरी हाय.”