आठ माणसं आणि एकतीस राजे

आत्याची जीभ कात्रीसारखी चालायची. आठवडाभर ती शिंप्याकडे काज-बटणं करायची आणि रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायची. तिच्या आयुष्यात मानाची अशी ती एकच गोष्ट होती.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलर फुटला. पेपरात आलं, ‘काही कामगार मृत.’ काही! त्या शब्दाची मला आजही चीड येते.

वर्षभराने कारखान्याच्या मालकाने चर्चला नवं छप्पर घालून दिलं आणि त्या रविवारी पहिल्या बाकावर ऐटीत येऊन बसला. क्रमाने त्या दिवशी बायबलच्या जुन्या करारातला, लढाईत हरलेल्या एकतीस राजांच्या यादीचा अध्याय होता. चर्च चालवणाऱ्या पाळकांनी आत्याला बाजूला घेतलं.

“बाई, आज एखादं स्तोत्र वाचा. तिथे काय, नुसती नावं आहेत.”

“नुसती? अहो, शत्रू होते ते. जिंकणाऱ्यांनी बढाई मारायलाच लिहिलं असेल. पण एकेकाचं गाव लिहिलं आणि प्रत्येकापुढे ‘एक’ लिहिलं. मूळ इब्री, म्हणजे हिब्रू पोथ्या उतरवणारे लेखनिक तर गाव एकीकडे, ‘एक’ दुसरीकडे, मधे जागा सोडून लिहायचे. शत्रूंनासुद्धा घाऊक नाही मोजलं हो! आणि आमची माणसं ‘काही’?”

“वाचलंत, तर पुढच्या रविवारपासून दुसरं कुणीतरी वाचेल.”

“वाचू दे की.”

ती वाचायच्या चौथऱ्यावर जाऊन उभी राहिली. यरीहोचा राजा, एक. आयचा राजा, एक. प्रत्येक ‘एक’नंतर ती थांबायची. आधी लोक जांभया देत होते, मग खोकणंही बंद झालं. एकतिसावा राजा झाला तरी ती खाली उतरली नाही.

“हे झाले राजे. त्यांच्या गावात पाणी भरणारे, भट्ट्या पेटवणारे किती मेले, ते शास्त्रातही नाही. साहेब, तुमच्या बॉयलरवरचे तुम्ही सांगा. एकेक करून.”

मालकाचा चेहरा उतरला. नाव एकही येईना. तो शेजारच्या मॅनेजरकडे वळून पुटपुटला, “सहा होते ना?”

“आठ,” आत्या म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छपराचे पत्रे किती लागले, हे मात्र त्याने दारातच सगळ्यांना तोंडपाठ सांगितलं होतं!

पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं. गीताला मंडळी उभी राहते. त्या आठ घरांतलं कुणीही उठलं नाही.