नावाच्या चौकटीत

देवरेकाका गेल्याचा फोन काकूंनीच केला. सोमवार होता, मी सातपूरच्या आमच्या कारखान्यात नुकती येऊन कॉम्प्युटर सुरू करत होते. झोपेतच गेले, म्हणाल्या, आणि मग रडू आवरत, "अश्विनी, त्यांच्या सगळ्या लोकांना कळव गं. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत ना सगळे?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं. का खोटं होतं, हे सांगायलाच महिन्याभरानं लिहायला बसले आहे.

आम्ही द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचे सुटे भाग बनवतो. काका तिथे विक्री बघायचे, माझ्या जन्माआधीपासून. पेठपासून येवल्यापर्यंत कुठल्या गावात कोण मेकॅनिक, कोण दुकानदार, सगळं त्यांच्या निळ्या डायरीत. मोबाइलमध्ये नंबर सेव्ह करणं त्यांना कधी जमलंच नाही, डायरीत बघून लावायचे. मग मालकांनी ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि डायरी माझ्या टेबलावर आली. काका शेजारी खुर्ची ओढून वाचून दाखवत आणि माझं डोकं फिरायचं. चौकटी चारच: नाव, नंबर, हुद्दा, शेवटची ऑर्डर. काकांचं मात्र सुरू, "महादू गावित, पेठ. दुपारी झोपतो, चारनंतर फोन. बायकोला दमा हाय, आधी तिची चौकशी करायची."

"काका, नावाच्या चौकटीत फक्त नाव लिहायचं असतं."

"ताई, एवढं सगळं मिळूनच तो महादू हाय."

मी धुसफुसत नाव आणि नंबर तेवढा घ्यायचे. ऑफिस वरच्या मजल्यावर हलवलं तेव्हा डायरी रद्दीत गेली. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

मागच्या वर्षी मालक म्हणाले, यादी साफ कर, दोन वर्षांत ज्यांची ऑर्डर नाही त्यांना काढून टाक. नक्की काढायचे का, असं सॉफ्टवेअरनं विचारलंसुद्धा. मी होय दाबलं आणि चहा मागवला. काही दिवसांनी काका आले, महादूचा नंबर सांग म्हणाले. सापडेना. त्यांनी दुसरं नाव सांगितलं, तिसरं सांगितलं... कुणी दुकान बंद केलेलं, कुणी म्हातारं झालेलं, ज्यांना काका नुसती खुशाली विचारायला फोन करायचे ते सगळे यादीतून गेले होते. मी वैतागून म्हटलं, "पण काका, ऑर्डर कुठे देत होते ते?"

"ऑर्डर देत नाय म्हणून माणूस मेला का, ताई?"

आवाज चढवला नाही त्यांनी. पण पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी माफी मागितली नाही. मला खरंच वाटत होतं की चूक त्यांच्या पद्धतीची आहे, आणि या गोष्टीची मला आज भयंकर चीड येते.

दहाव्याला गोदावरीवर घरचे, आम्ही कारखान्यातले आणि चार-पाच दुकानदार. काकू सारख्या पायऱ्यांकडे बघत होत्या. "पेठची माणसं आली नाहीत गं," एवढंच म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. सॉफ्टवेअरवाल्यांना तीनदा फोन केला. काढलेल्या नोंदी परत येत नाहीत मॅडम, हे तीन वेगवेगळ्या मुलींनी एकाच गोड आवाजात सांगितलं.

गेल्या आठवड्यात ऑफिसचा फोन वाजला. "देवरेभाऊ हायत का? मी महादू, पेठहून. त्यांचा मोबाइल लागत नाय." मी सांगितलं.

"दहावा झाला?"

"झाला. तुमचा नंबर माझ्याकडून पुसला गेला होता, म्हणून कळवता आलं नाही. काकांनाही म्हणूनच फोन करता आला नाही तुम्हाला." हे वाक्य काकांसमोर बोलायला हवं होतं. मग विचारलं, "वहिनींचा दमा कसा आहे?"

"ती दिवाळीत वारली. भाऊंचा फोन येईल तवा सांगू, म्हणत ऱ्हायलो."

मी त्यांचा नंबर घेतला आणि नवी नोंद उघडली. शेवटची ऑर्डर भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकेना. तिथे शून्य टाकलं. मग नावाच्या चौकटीत लिहिलं: महादू गावित, पेठ. दुपारी झोपतो, चारनंतर फोन. बायको दिवाळीत गेली, देवरेकाकांना सांगायचं राहिलं.