वहीतला पाहुणा

"भावजी, तुमचे दादा गेले," वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. मी नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव तोडत होतो. सौदा तसाच टाकून निघालो. लातूरपर्यंत रडू आलं नाही... रागच येत राहिला. आमचं भांडण अर्धं ठेवून थोरला भाऊ निघून गेला होता.

भूकंपात निलंग्याजवळच्या आमच्या घराची भिंत बायकोच्या पायावर पडली. ती कित्येक महिने दवाखान्यात. मुलगी तेव्हा अंगावर पिणारी. दादा लातुरात मास्तर, त्याला मूलबाळ नव्हतं. पोर त्याच्याकडे ठेवून मी पोटामागे नांदेडला गेलो. त्या दिवसांत दादाची सगळी गल्ली मैदानात ताडपत्रीखाली झोपायची. पत्र्याच्या पेटीवर पेल्यांची उतरंड रचलेली असायची; ती ढासळली की जमीन हलली समजायचं. तिथंच दादानं वही सुरू केली. वहिनी सांगायच्या, तो लिहायचा. बाळानं वरचं दूध किती घेतलं, कधी निजलं, पेले पडल्यावर दचकलं की हसलं.

एका रविवारी पोरीला भेटायला गेलो, तेव्हा मी ती वही चाळली. 'आज पाहुणे आले. बाळ घाबरलं. दूध उशिरा घेतलं.' पाहुणे म्हणजे मी.

"बाप हाय मी तिचा," मी भडकलो.

"मग ऱ्हा की चार दिस. तिलाबी कळंल."

"धंदा कोण बघंल? तू?"

"म्हणून तर पाहुणा लिवलं," दादा म्हणाला आणि बाटली उकळायला उठला.

बायको बरी झाल्यावर पोर घरी आणली, तर ती दादासाठी झुरली. पुढे लातुरात क्लासेसची चलती झाली. मी तिच्यासाठी चांगलं वसतिगृह ठरवलं; ती बॅग घेऊन सरळ दादाकडे गेली. त्यानं पुन्हा वही काढली. पोर किती झोपली, टेस्टच्या दिवशी काय जेवली. क्लासच्या दारात एक बाई त्याला म्हणाल्या, "नशीबवान आहे मुलगी, असे वडील मिळाले." मी शेजारीच उभा होतो. दादा नुसता हसला. त्यांची चूक त्यानं सुधारली नाही. तो गेला म्हणून हे मी विसरणार नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी वह्या मागायला दादाच्या खोलीत गेलो. मुलगी तिचं तान्हं मांडीवर घेऊन त्याच्या खाटेवर बसली होती. वह्या तिच्याजवळच होत्या.

"एखादी मला दे," मी म्हणालो.

"घ्या की, पप्पा. पण त्यातलं तुम्हाला काय आठवणार?"

ती रागानं बोलली नव्हती. बाळ किरकिरलं. तिनं घड्याळ पाहिलं, उशाचा पेन उचलला आणि अगदी दादासारखी, जीभ ओठांत धरून, तान्ह्याच्या नव्या वहीत लिहू लागली. मी वही न घेताच बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.