कापसाच्या गंजीवरचा नेता

मी एकडाव नेता झालतो. खोटं नाई सांगत. अर्धा दिवस टिकलो, अन् त्यात काम काय केलं, तर नुसतं लिंबूपाणी पेलो. हासू नका, आधी पुरतं आयका.

दिग्रसहून यष्टीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. त्या साली कापसाचं खरेदी केंद्र उघडूनच नव्हतं राह्यलं. माह्या घरात आढ्यापर्यंत गंजी. आई ओसरीवर निजे, पोरायच्या अंगाले खाज सुटे, अन् बायको रोज इचारे, "अजी, हे घर माणसाचं हाय का कापसाचं?"

मले मात्र, सांगाले लाज वाटते, त्या गंजीवर लय बरं वाटे. दुपारी वर चढून पडलो की कवेलूच्या फटीतून ऊन सांडे, बारीक तंतू हवेत तरंगत राहत, अन् मी कोठी हाय तेच समजे ना. वाटे, आपण ढगावर निजून राह्यलो अन् खालून सारा यवतमाळ जिल्हा हळूहळू सरकून राह्यला.

अशातच गावोगावच्या लोकायनं मिळून वाट्सॅपवर ग्रुप काढला. ना मोर्चा, ना मंडप. ज्यानं त्यानं घरातल्या गंजीवर बसाचं, फोटू काढाचा, तहसीलदार साहेबाच्या मोबाईलवर धाडाचा. बस. पोलीस मंडप शोधत फिरले, सापडन कोठून?

घरात मोबाईल एकच. बायकोनं त्याच्यावर माहा फोटू काढला. मी गाढ झोपेत, तोंड उघडं, मिशीत कापूस. लोकायले तो एवढा आवडला, का ग्रुपचा डीपी म्हणून तोच लागला, अन् साहेबाले धाडाच्या साऱ्या फोटूयच्या आधी तोच जाऊ लागला.

दोन दिवसांनी मी पोरीच्या रहिवासी दाखल्यासाठी तहसीलीत गेलतो. तिथल्या बाबूनं साहेबाचा मोबाईल पाह्यला, माह्याकडं पाह्यलं, अन् उभाच राह्यला.

"या, या. साहेब तुमचीच वाट पाहून राह्यले."

"माही? कायले?"

आता सरकारची समजूत कशी, बॅनरवर ज्याचं तोंड मोठं तो नेता. साहेबायनं खुर्ची देली. म्हणाले, "बोलायचं कुणाशी, हेच कळत नव्हतं. बरं झालं, तुम्ही आलात."

तवाच सांगाले पायजे होतं, का साहेब, मी नुसता झोपलो होतो. पण वर पंखा, खाली गादीची खुर्ची, अन् समोर 'तुम्ही, तुम्ही' करणारा तहसीलदार. माहे डोळे जड झाले. मनातल्या मनात मी पालकमंत्र्याच्या बाजूले जाऊन बसलो.

"लोकांचं काय म्हणणं आहे?"

"लोक माह्यासंगं हायत," म्या म्हणलं. कोठून आलं ते तोंडात, देव जाणे.

तेवढ्यात लिंबूपाणी आलं. साहेबायनं सोताच्या हातानं गिलास देला. बाहेरून उन्हातून आलतो, घटाघटा पेलो. बाबूनं फोटू काढला. तवा कोठी माह्या डोक्यात बत्ती पेटली. आपल्याकडं साहेबाच्या हातून लिंबूपाणी पेलं म्हणजे उपोषण सुटलं, आंदोलन खतम.

"मग, मागे घेतलंत ना?"

"घेतलं." रिकामा गिलास हातात धरून माणूस नाई म्हणन कसा?

ज्या ज्या नंबरावरून गंजीचे फोटू आलते, त्या साऱ्यायवर बाबूनं तो फोटू धाडला. माही यष्टी गावात पोचाच्या आधी फोटू पोचला. मी शिटावर बसून मोबाईलवर ग्रुप वाचून राह्यलो.

"हा उपाशी केव्हा होता बे?"

"सकाळीच माह्या हॉटेलात दोन पलेट पोहे खाल्ले यानं."

"याले नेता कोणं केलं?"

अन् त्याच्याखाली बारीक अक्षरात, मले ग्रुपमधून काढल्याचं. त्या दिवशी मले खरंच रडू आलं.

आंदोलन काई थांबलं नाई. दुसऱ्या दिवशी बायामाणसं, म्हातारे, सारे आपापल्या गंजीवर लिंबूपाण्याचा गिलास घेऊन बसले, अन् ते फोटू साहेबाले गेले. साहेब तरी किती जणायले खुर्ची देतीन? चौथ्या दिवशी केंद्र उघडलं.

कोणाची गाडी कोणत्या दिवशी, ते नंबर ग्रुपवर आले. मले कोण सांगते? साऱ्या गावाचा कापूस गेला, आमची गंजी तशीच.

बायको म्हणाली, "अजी, लावा न आता तुमच्या साहेबाले फोन. मोठे खुर्चीवर बसून आले."

लावला. साहेब लय गोड बोलले.

"अहो, नंबर तर कालच संपले. आता आम्ही सगळं ग्रुपवरच कळवतो. लोकांनी मलाही घेतलंय त्यात. तुम्ही नाही का ग्रुपमध्ये?"