कोपऱ्यातली कुर्ली काय म्हणते?

आमच्या क्लासचे किस्से मी कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. एखादा सांगायला घेतला की मागून दुसरा डोकं वर काढतो, आणि तिसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला नेमका कोणाच्या बाबतीत घडला यावरून माझं आणि संदेशचं भांडण!

संदेश म्हणजे माझा दीर. दोन हजार तीन-चारच्या सुमारास मालवणच्या बाजारात आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटर क्लास चालवायचो. पाच कॉम्प्युटर. त्यातला एक सेकंडहँड, मुंबईहून आलेला, आणि त्याच्या पोटात एक गेम आधीपासून बसलेला. टोपीवाला एक बुटका माणूस धावतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात दगडावर एक लालभडक कुर्ली, म्हणजे आमच्याकडची खेकडी, बसून त्याच्या प्रत्येक उडीवर इंग्लिशमध्ये शेरे मारते. उडी चुकली तरी बोलते, जमली तरी बोलते. काहीच केलं नाही, तर सगळ्यात जास्त बोलते!

स्पीकरचं बटण तुटलेलं, म्हणून आवाज कमी होत नसे. आणि माझं इंग्लिश म्हणाल तर "फाइल, एडिट, व्ह्यू"च्या फारसं पुढे गेलं नव्हतं.

*

तारकर्लीच्या शालनकाकी मासे विकायच्या. पोरीचं ॲडमिशन घ्यायला आल्या, रिकामी पाटी दाराशी ठेवली आणि कुर्ली बघून जागच्या जागी थांबल्या.

"बाईनू, ह्या काय?"

"गेम आहे काकी. ती कुर्ली बोलते."

काकी जवळ गेल्या. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या.

"जिती कुर्ली लाल नसता," त्या म्हणाल्या. "लाल म्हणजे शिजलेली."

"असेल, पण..."

"मगे शिजलेली कुर्ली बोलता कशी?"

मी संदेशकडे बघितलं, संदेशने माझ्याकडे. इतके महिने रोज बघत होतो, पण हा विचार आमच्या डोक्यात आलाच नव्हता! काकी फॉर्म भरून गेल्या. संदेशने मात्र दोन दिवस त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही.

*

एकदा दुपारी मी मागच्या खोलीत जेवत होते आणि गेम तसाच चालू राहिला होता. नवीन बदलून आलेला पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दारात उभा राहिला. आतून भारदस्त आवाज आला, "हॅलो? एनीबडी देअर?"

पोस्टमन म्हणाला, "मी पोस्टमन!"

"आय ॲम वेटिंग!"

तो घाईघाईने चपला काढून आत आला. कोणी दिसेना. "साहेब, सही लागेल," तो म्हणाला.

"ओह, कम ऑन!"

मी हात धुऊन बाहेर आले, तर हा खुर्चीवर अंग चोरून बसलेला. सही घेतली आणि निघताना हळूच मला म्हणाला, "मॅडम, तुमचे साहेब फारच तापट दिसतात. बाहेर तरी येतात का कधी?"

*

परब गुरुजी हायस्कूलमधून रिटायर झालेले. आयुष्यभर इंग्रजी व्याकरण शिकवलेलं. टायपिंग शिकायला म्हणून यायचे, पण बसायचे त्याच कॉम्प्युटरवर. कारण एकच, कुर्लीचं इंग्रजी त्यांना सहन होत नसे!

एक दिवस त्यांचा बुटका माणूस मोठ्या खड्ड्याच्या काठावर येऊन थांबला. कुर्ली ओरडली, "यू एन्ट गोइंग नोव्हेअर!"

गुरुजींनी चष्मा काढला. "एका वाक्यात दोन नकार! बाई, दोन नकारांचं काय होतं?"

"काय होतं?"

"होकार! म्हणजे ही म्हणते आहे, तू कुठेतरी निश्चित जाणार आहेस. पुढे जायला परवानगी आहे."

गुरुजींनी बटण दाबलं. माणूस सरळ खड्ड्यात!

"टोल्ड यू सो!" कुर्ली म्हणाली.

गुरुजी खुर्चीतून उठले. स्क्रीनकडे बोट दाखवून, वर्गात दाखवत असतील तसंच, म्हणाले, "अजिबात सांगितलं नव्हतंस!"

*

मग आमच्या कोर्सला मान्यता देणाऱ्या संस्थेचे साहेब मुंबईहून तपासणीला आले. संदेशने घाईघाईत गेम खाली लपवला. चित्र गेलं, आवाज राहिला. साहेब रजिस्टर चाळत असताना मागून ऐकू आलं, "डोन्ट ट्रस्ट हिम!"

साहेबांनी मान वर केली. "हे काय आहे?"

साहेबांपुढे संदेशची मालवणी एकदम पुण्याला जाते. "सर, आमच्याकडे इंग्लिश स्पीकिंगचा सराव चालतो. संभाषण ऐकवतो आम्ही."

मला वाटलं, संपलं! पण साहेब खूश झाले. त्यांचा एक पुतण्या कणकवलीत होता, त्याला दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडे पाठवून दिला. आता आम्ही काय शिकवणार? बसवला त्याला कुर्लीसमोर. तीन महिन्यांनी साहेबांचा फोन आला. मी घाबरतच घेतला.

"मॅडम, पुतण्याचे उच्चार उत्तम झालेत. फक्त घरात कोणी जिन्यावरून उतरायला लागलं की हा मागून ओरडतो, 'यू विल नेव्हर मेक इट!' हे कोणत्या धड्यात आहे?"

*

ह्यानंतर गेम काढून टाकायचा असं ठरलं. संदेशने डिलीटचं बटण दाबलं आणि हात वर करून बसला.

"वयनी, ती विचारता, 'आर यू शुअर?'"

"कुर्ली नाही रे, कॉम्प्युटर विचारतोय!"

"पण कुर्ली रवता कॉम्प्युटरात. मगे विचारता कोण?"

संदेशने 'नो' दाबलं. ते बरंच झालं, कारण पुढचं त्यामुळेच घडलं.

*

तोंडवलीचे दोन भाऊ होते, भिकाजी थोरला, जयराम धाकटा. वडलांमागे होडी दोघांच्या नावावर राहिली, आणि कोणत्या तरी कारणावरून दोघांचं बोलणं बंद झालं. आठ वर्षं! एकाने होडी काढावी तर दुसऱ्याला सांगावं लागेल, म्हणून दोघं दुसऱ्यांच्या होड्यांवर जायचे आणि बापाची होडी किनाऱ्यावर झावळ्यांखाली पडून असायची.

शेवटी ती होडी विकत घेऊ पाहणाऱ्या एका गिऱ्हाइकाने दोघांना स्वतंत्र निरोप धाडला, क्लासमध्ये विक्रीचा अर्ज टाइप करायला दिलाय, जाऊन सही करा. दोघं एकाच वेळी आले. बाकाच्या दोन टोकांना बसले. मधे तीन माणसं मावली असती एवढी जागा. मी अर्ज टाइप करत होते. शेजारच्या स्क्रीनवर गेम तसाच उघडा होता.

"से समथिंग!" कुर्ली म्हणाली. कोणी हललं नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "से समथिंग!"

भिकाजीने मला विचारलं, "बाईनू, काय म्हणता ती?"

"काहीतरी बोला, म्हणते."

भिकाजीने घसा साफ केला. मग स्क्रीनकडे तोंड करून म्हणाला, "गो कुर्ले, हेका विचार, बापाशीची होडी विकूची एवढी घाई कित्याक?"

अर्ज पुरा करून मी प्रिंटचं बटण दाबलं होतं, हात तिथेच राहिला. जयराम मान खाली घालून बसला होता. तोही स्क्रीनकडेच वळला.

"गो कुर्ले, तेका सांग, माका खंय विकूची आसा? तोच विकूक निघालो, असा माका कळला."

"तेका विचार, कोणी सांगल्यान?"

"जो होडी घेता, तेनाच."

"माका पण तेनाच सांगल्यान," भिकाजी म्हणाला. "धाकटो तयार आसा, तुझीच सही रवली, म्हणान."

कुर्लीने नेमकी तेव्हाच संधी साधली, "माय, माय! व्हॉट अ मेस!"

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. गुरुजीही नव्हते विचारायला. 'मेस' म्हणजे मला खानावळ एवढंच माहीत. पण दोन माणसं वाट बघत होती. मी अंदाजाने सांगून टाकलं, "केवढा घोळ करून ठेवलात, म्हणते."

"बरोबर म्हणता," जयराम म्हणाला.

भिकाजीने प्रिंटरमधून नुकताच निघालेला अर्ज उचलला. वाचता येत नसूनही वरपासून खालपर्यंत बघितला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. दोघं उठले. दारापाशी जाऊन भिकाजी परत वळला.

"बाईनू, एक विचारू? ही कुर्ली नेमकी कोणाच्या बाजूची?"

बाहेर पायरीवर उभ्या जयरामने वळून हाक मारली,

"दादा, चल आता. होडी काढूची आसा, भरती लागतली."