टाकळ्याची चटणी

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतला राहत होतो. एका दिवाळीनंतर सासूबाई धुळ्याहून आल्या. शेजारचे गुजराती काका कापडाचे दलाल होते आणि मानेवरच्या गजकर्णाने बेजार झाले होते. बोलता बोलता कॉलर सारून खाजवत बसायचे. सासूबाईंनी ते पाहिलं आणि इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर माजलेल्या टाकळ्याच्या वाळक्या शेंगा तोडून आणल्या. बिया ताकात भिजवून वाटल्या आणि वाटी काकींच्या हातात दिली.

“जेवणाआधी लावा,” त्या म्हणाल्या.

गुजरातीत ‘लावो’ म्हणजे आणा. काकींनी वाटी जेवणाआधी ताटाशी आणून ठेवली आणि काकांनी ती रोटल्याबरोबर फस्त केली.

दुसऱ्या दिवशी काकी रिकामी वाटी घेऊन आल्या. “चटणी जरा कडवी हती,” त्या संकोचाने म्हणाल्या, “पण यांनी सगळी खाल्ली.”

मी पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात पळाले. हसू आवरल्यावर बाहेर येऊन मोडक्या गुजरातीत सांगितलं, की तो मानेला चोपडायचा लेप होता. काकींचा चेहरा उतरला.

“आता काय होईल?”

“पोट साफ होईल,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

झालंही तसंच. पुढे लेपाने गजकर्णही हळूहळू गेलं. पण त्याआधीच काका मान खाजवत दारात हजर झाले आणि सासूबाईंना म्हणाले, “बा, मानेचं नंतर बघू. चटणी आहे का अजून?”